मिरजेला गाडी बदला

डोळ्यात कोळशाची कणी गेली म्हणून तुम्ही डोळा चोळता आणि उघडून बघता, तर 1928 सालचा आषाढ लागलेला. मांडीवर आजीची वळकटी. गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून यंदा तिची पायी वारी हुकली; कोरेगावला तिला उचलूनच डब्यात घ्यावं लागलं. कऱ्हाड मागे पडलं, ताकारी गेलं. सांगली नावाचा जिल्हा अजून व्हायचाय. हा मुलूख साताऱ्यातच मोडतो आणि मधेमधे संस्थानांची ठिगळं.

मिरज. फलाटावर हीऽ गर्दी.

"ही आपलीच गाडी का रं लेकरा?"

"नाही आजी, ही कोल्हापूरची."

"मग आपुन आलो ती कुणाची?"

प्रश्न साधा, उत्तर वाकडं. तुम्ही आलात ती मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. 1908 पूर्वीची नुसती सदर्न मराठा. समोरची गाडीही तीच कंपनी चालवते. पण मिरजेपुढचे रूळ कोल्हापूर दरबारचे, 1891 सालापासून. सांगलीला जाणारा पाचेक मैलांचा फाटा सांगली संस्थानचा, 1907 चा. तोही चालवायला कंपनीकडेच. लोहमार्ग संस्थानाच्या पैशांतून, इंजिनं आणि माणसं कंपनीची, उत्पन्नाची वाटणी कराराने. रुळांचं माप एकच, मीटरगेज, म्हणून हद्द ओलांडताना चाकांना काही कळत नाही. शेजारचा कोल्हापूरकर मात्र मिशीवर हात फिरवत "आमची रेल्वे" म्हणतो. म्हणू दे, रूळ त्याच्या महाराजांचेच आहेत.

खरी गंमत यार्डाच्या पलीकडे. तिथे खेळण्यातली वाटावी अशी गाडी उभी आहे: बार्शी लाइट. ही तिसरीच कंपनी, विलायतेत स्थापन झालेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने रुळांत अंतर ठेवलं अवघं अडीच फूट. 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीला निघालेली ही गाडी 1906 ला पंढरपुरात आली आणि मिरजेला गेल्या वर्षीच पोचली. कंपन्यांचं कितीही जमलं तरी मीटरगेजची वाघीण अडीच फुटांवर चढणार कशी? म्हणून हमाल. हळदीचं पोतं एका वाघिणीतून पाठीवर, पाठीवरून दुसरीत. गुळाच्या ढेपा, पेंड, सगळं तसंच. दोन कंपन्यांमधला सांधा म्हणजे ही घामेजलेली पाठ.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, तेव्हा तुम्हाला तोक्यो आठवतं. शहराच्या भुयारी मार्गावर आपल्या गाड्या सरळ नेता याव्यात म्हणून केइसेइ या खासगी कंपनीने 1959 साली आपल्या रुळांचं मापच बदललं, आणि दुसऱ्या वर्षी तिच्या गाड्या भुयारात शिरल्या. मिरजेत उलटं होणार आहे. 1971 ला पुणे-कोल्हापूर ब्रॉडगेज होईल आणि एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ नांदतील. तोवर कंपन्या आणि दरबार दोन्ही गेलेले असतील, मालक एकटं सरकार. पंढरपूरची वाट रुंद व्हायला मात्र एकविसावं शतक उजाडेल.

हे आजीला कुठे सांगता? ती बार्शी लाइटच्या पायरीला हात लावून तो कपाळाला नेते. आत बूड टेकायला जागा नाही, म्हणून वळकटीवरच बसते. गाडी हिसका देते. आरग यायच्या आत डब्यात टाळ सुरू झालेले असतात.