६ मिलिमीटरचा जोड

मोठ्या नळाला फाटा काढायचा असला की त्याला भोक पाडतात, लहान नळी बसवतात आणि भोवती वेल्डिंग करतात. हे वेल्ड किती जाड असावे? प्रश्न किरकोळ वाटतो. तो तसा नाही, हे १९८० साली उत्तर समुद्रात दिसून आले.

आधी भोकाचा विचार करू. कागदाच्या पट्टीला मधोमध भोक पाडून ती दोन्ही टोकांना ओढली, तर ती भोकाच्या कडेपासूनच फाटते. हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. पट्टीतून जाणाऱ्या बलाला भोकाला वळसा घालावा लागतो आणि त्यामुळे कडेशी त्याची गर्दी होते. १८९८ साली किर्श या जर्मन अभियंत्याने ही गर्दी गणिताने मोजली. रुंद पट्टीतील लहान गोल भोकाच्या कडेला प्रतिबल तिप्पट होते. म्हणूनच भोक पाडताना जेवढा धातू गेला, त्याची भरपाई भोकाभोवती करायची असते. फाट्याची नळीही या भरपाईत हातभार लावते. अट एकच. नळापासून नळीपर्यंत बल पोहोचवण्याइतके वेल्ड मजबूत हवे.

आता नॉर्वेच्या सागरी हद्दीतील एकोफिस्क तेलक्षेत्राकडे जाऊ. तेथे ‘अलेक्झांडर एल. कीलँड’ नावाचा पाच स्तंभांचा तरंगता मंच उभा होता. तो तेलविहिरी खोदण्यासाठी बांधलेला होता, पण वापरात होता कामगारांच्या निवासासाठी. त्याचे स्तंभ पोकळ पोलादी नळ्यांनी एकमेकांना जोडलेले होते. त्यांपैकी ‘डी-६’ या नळीचा व्यास सुमारे २.६ मीटर आणि जाडी २६ मिलिमीटर होती. मंचाची जागा ठरवण्यासाठी हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातील ध्वनी टिपणारे यंत्र, लागत असे. ते बसवायला डी-६ला भोक पाडून त्यात ३२५ मिलिमीटर व्यासाची आणि २० मिलिमीटर जाडीची आखूड नळी वेल्ड केलेली होती.

या नळीला फक्त यंत्र धरायचे होते, म्हणून तिचा जोड दुय्यम मानला गेला. आत आणि बाहेर त्रिकोणी छेदाचे वेल्ड (फिलेट) होते. अशा वेल्डची ताकद त्याच्या बाजूवर नव्हे, तर कोपऱ्यापासून कर्णापर्यंतच्या लंबावर ठरते. दोन्ही बाजू सारख्या असतील तर हा लंब बाजूच्या ०.७०७ पट असतो. दहावीच्या विद्यार्थ्याला हे सिद्ध करता येईल. येथे हा लंब ६ मिलिमीटर होता. आतले व बाहेरचे मिळून झाले १२ आणि नळीची जाडी होती २०! यंत्राच्या वजनाला हा जोड पुरेसा होता. पण डी-६ लाटांनी ताणली जाई तेव्हा तिच्यातले बल ‘ही नळी दुय्यम आहे’ असे समजून थोडेच वागणार! ते या जोडातूनही जात होते.

जोडाला तडा गेला. नळी सुटू लागली तशी भरपाईही संपत गेली आणि डी-६मध्ये उरले ते जवळजवळ उघडे भोक. लाटा रोज हजारो वेळा ओढ देत होत्या. अशा वारंवार ओढीने धातू थकतो व तडा थोडा थोडा पुढे सरकतो. २७ मार्च १९८० रोजी संध्याकाळी वादळात डी-६ तुटली. तिचा भार अंगावर पडताच त्या स्तंभाला धरणाऱ्या उरलेल्या पाच नळ्याही तुटल्या आणि स्तंभच निखळला. मंच कलला व सुमारे वीस मिनिटांत उलटला. त्यावरील २१२ जणांपैकी १२३ जण मृत्युमुखी पडले.

चौकशीत तुटलेल्या पृष्ठांची तपासणी झाली, तेव्हा हायड्रोफोनच्या जोडातील तड्याच्या आत रंग आढळला. मंच १९७६ साली फ्रान्समध्ये बांधून पूर्ण झाला होता. तड्यात रंग शिरला याचा अर्थ, रंगकाम झाले तेव्हा तडा तेथे होताच. म्हणजे मंच समुद्रात जाण्यापूर्वीच जोड फाटू लागला होता.

आपण विद्यार्थ्यांना ‘हा भाग किती वजन उचलतो?’ असे विचारतो. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: ‘ज्याला तो जोडला आहे, तो भाग किती ताणला जातो?’ फाट्याच्या वेल्डचे माप या दोन्ही उत्तरांवरून ठरते.