चहा, काढा आणि प्रक्षेप

वनस्पतीचा गुण पाण्यात उतरवून घेण्याच्या रीती आयुर्वेदाने फार काटेकोरपणे वेगळ्या मानल्या आहेत. शार्ङ्गधरसंहितेतील सांगण्यानुसार भरड कुटलेले द्रव्य सोळापट पाण्यात घालून ते आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवले की क्वाथ, म्हणजे नेहमीच्या बोलीतला काढा, तयार होतो. कढत पाणी द्रव्यावर ओतून, थोडा वेळ मुरू देऊन गाळून घेतले तर त्याला फांट म्हणतात. आणि तयार काढ्यात मध, साखर, मीठ किंवा सुंठ-मिरे-पिंपळीसारखे जे वरून घातले जाते त्याला प्रक्षेप ही संज्ञा आहे. हा ग्रंथ चहासाठी लिहिलेला नाही, तरीही चहाचा इतिहास समजून घेण्यासाठी या तीन शब्दांइतकी नेमकी साधने क्वचितच सापडतील. चहा मुळात शुद्ध पेय होते आणि आले, वेलची, मीठ, लोणी हे सारे त्यात मागाहून शिरले, असा समज सर्वत्र रूढ आहे. पण चहाच्या जन्मभूमीपासून कोकणातल्या परसापर्यंतचा पुरावा पाहिला तर क्रम नेमका उलटा दिसतो. चहा आधी काढा होता, प्रक्षेपासह प्यायला जात होता, आणि निव्वळ पानांचा फांट ही विशिष्ट काळी, विशिष्ट कारणांनी घडलेली नंतरची गोष्ट आहे.

चीनमधील लू यू (इ. स. ७३३ ते ८०४) याने आठव्या शतकात लिहिलेला ‘चा-जिंग’ हा चहावरील सर्वांत जुना स्वतंत्र ग्रंथ मानला जातो. या ग्रंथात लोकांच्या एका सवयीवर त्याने कडक टीका केली आहे: कांद्याची पात, आले, चिनी बोरे, संत्र्याची साल, पुदिना असे जिन्नस चहाबरोबर घालून ते मिश्रण खूप वेळ उकळण्याची रीत त्याला गटारात ओतून देण्याच्या लायकीची वाटत होती. टीका नेहमी प्रचलित गोष्टीवर होते, हे ध्यानात घेतले तर लू यूच्या या रागातूनच त्या काळच्या सामान्य घरात चहा कसा शिजत होता याची उत्तम साक्ष मिळते. चहा तेव्हा बहुतांश भाजीच्या पातळ सारासारखा होता, आणि त्याला निवळ, एकरस पेयाचे रूप देण्याचा आग्रह हा एका रसिक ग्रंथकाराचा आग्रह होता. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की खुद्द लू यूनेही एक प्रक्षेप सोडलेला नाही. पाण्यात मासळीच्या डोळ्यांएवढे बुडबुडे दिसू लागले की पाण्याच्या मापाने मीठ घालावे; भांड्याच्या कडेने मोत्यांच्या सरासारखे बुडबुडे चढू लागले की एक डाव पाणी काढून बाजूला ठेवावे, उरलेले पाणी ढवळून मधोमध चहाची भुकटी सोडावी आणि उकळी उसळली की बाजूला ठेवलेले पाणी परत ओतून ती शांत करावी, अशी त्याची कृती आहे. शुद्ध चहाचा पहिला पुरस्कर्ता खारा चहा पीत होता.

पुढे सोंग राजवटीत, अकराव्या शतकाच्या मध्यास, त्साय श्यांग या अधिकाऱ्याने चहावरील आपल्या टिपणात नोंदवले आहे की सम्राटाकडे नजराणा म्हणून जाणाऱ्या चहाच्या वड्यांत सुगंधासाठी थोडा बोर्निओचा कापूर मिसळला जाई, पण ज्या ज्यानआन भागात हा चहा होत असे तिथले लोक मात्र आपसात चहाची परीक्षा करताना तो घालत नसत, कारण त्याने पानाचा स्वतःचा गंध मारला जाईल अशी त्यांना भीती वाटे. हा कापूर म्हणजे महाराष्ट्रात भीमसेनी कापूर म्हणून ओळखला जाणारा, वैद्यकात आणि पूजेत वापरला जाणारा कापूर होय. चवीचा हा वाद दरबार आणि पिकवणारा यांच्यातला होता, आणि त्यात पिकवणाऱ्याची जीभ अधिक तयार होती, असे मानण्यास जागा आहे.

१३९१ मध्ये मिंग घराण्याचा संस्थापक हुंगवू याने दाबलेल्या वड्यांच्या रूपातील नजराण्याचा चहा बंद केला आणि सुट्या पानांचा चहा मागवण्याचा हुकूम काढला. वड्या कुटून भुकटी करण्याचे कष्टाचे काम त्यामुळे संपले, किटलीत पाने घालून वरून कढत पाणी ओतण्याची रीत रुजत गेली, आणि काढ्याच्या जागी फांट आला. ज्या ‘शुद्ध’ चहाला पुढे जगाने मूळ रूप मानले त्याचा पाया असा एका राजाज्ञेत आहे. तरीही प्रक्षेपाची ओढ संपली नाही. ती फक्त पाण्यातून पानांकडे सरकली. फुलांच्या गंधात चहा मुरवण्याची कला याच काळात बहरली आणि पुढे फूच्यौ शहर तिचे मोठे केंद्र बनले. ‘जॅस्मिन टी’ या नावामुळे मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जाई किंवा चमेली उभी राहते, पण त्यासाठी वापरले जाणारे फूल मोगऱ्याचे असते, आणि मोगरा चीनमध्ये गेला तो दक्षिण आशियातून. मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या दुपारी खुडतात, रात्री त्या उमलू लागल्या की चहाच्या पानांत थरांनी मिसळतात, पाने गंध आणि ओल दोन्ही शोषून घेतात, सकाळी सुकलेली फुले वेचून टाकतात आणि पाने पुन्हा वाळवतात. उंची चहासाठी हा क्रम ताज्या कळ्यांनी अनेक रात्री चालतो. उत्तम प्रतीच्या चहात शेवटी फूल दिसतच नाही.

हिमालयाच्या बाजूने चहा गेला तो काढ्याच्याच वाटेने. सोंग सरकारला घोडे हवे होते आणि तिबेटी लोकांना चहा. १०७४ मध्ये सिचुआनमध्ये चहाच्या बदल्यात घोडे घेणारे सरकारी खाते स्थापन झाले, आणि जाडसर पानांच्या, दाबून केलेल्या विटा खिंडी ओलांडून पठारावर जाऊ लागल्या. अशी वीट फोडून, पाण्यात कित्येक तास उकळून, काळपट अर्क काढून तो लोणी आणि मिठाबरोबर लाकडी नळकांड्यात घुसळला की तिबेटी चहा होतो. लडाखमध्ये त्या घुसळण्याच्या आवाजावरूनच त्याला ‘गुरगुर चहा’ म्हणतात. या लोण्याला बाहेरचे लोक याकचे लोणी म्हणतात, परंतु याक हा नर असून दूध देणाऱ्या मादीला तिबेटी भाषेत द्री म्हणतात. विरळ हवेत आणि कोरड्या थंडीत स्निग्ध आणि खारट पेय अंगी लागते, आणि त्याच चहात सातूचे भाजलेले पीठ कालवले की जेवण होते. येथे प्रक्षेप चवीसाठी नसून आहाराचा मुख्य भागच झालेला आहे.

काश्मीरचा ‘नून चाय’ याच घराण्यातला. नून म्हणजे मीठ, आणि हा शब्द मराठीतील ‘लोणचे’ या शब्दातल्या लोणाप्रमाणेच संस्कृत ‘लवण’पर्यंत जातो. हिरवी पाने खायच्या सोड्याबरोबर पुष्कळ वेळ उकळली की पाणी गडद तांबडे होते. ते पळीने वर उचलून पुन्हा पुन्हा वरून ओतल्याने हवा मिसळून रंग अधिक खुलतो, आणि शेवटी दूध पडले की पेय गुलाबी दिसू लागते. पाहुण्याला हा गुलाबी रंग घातलेला वाटतो, पण तो सोडा, हवा आणि पान यांच्या संयोगातून उपजलेला असतो.

पश्चिम किनाऱ्याशी चहाचा संबंध मात्र समुद्रमार्गे आला, आणि तो आसामच्या मळ्यांपेक्षा सुमारे दोनशे वर्षांनी जुना आहे. १६३८ मध्ये सुरतेत आलेल्या मांडेल्सलो या जर्मन प्रवाशाने तिथल्या रोजच्या बैठकीत चहा घेतला जात असल्याचे आणि तो पोट साफ राखणारे औषध मानला जात असल्याचे लिहून ठेवले आहे. १६८९ मध्ये सुरतेच्या प्रवासाला निघालेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याची नोंद त्याहून मोलाची आहे. त्याच्या वृत्तान्तानुसार चहा उष्ण मसाल्यांसह पाण्यात उकळला जाई, डोकेदुखी, मुतखडा आणि पोटातला मुरडा यांवर तो गुणकारी समजला जाई, सर्वसाधारणपणे खडीसाखरेबरोबर घेतला जाई, आणि अधिक चोखंदळ लोक त्यात मुरवलेली छोटी लिंबे घालत. मसाल्याचा चहा हा विसाव्या शतकातल्या टपरीचा शोध आहे असे समजणाऱ्यांनी ही नोंद नीट वाचायला हवी. मलबारची मिरी-वेलची ज्या बंदरात उतरत होती तिथेच चीनहून पानेही उतरत होती, आणि गुजराती वाण्याच्या घरात काढा करण्याची रीत आधीपासून होती. नव्या पानाला जुन्या भांड्यात जागा मिळाली, इतकेच येथे घडले. दुधाचा उल्लेख त्यात नाही, ही गोष्टही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

इंग्लंडमध्ये ‘घालणे’ या क्रियेला वेगळाच वास चिकटला होता. अठराव्या शतकात जबर करामुळे चहा महाग होता आणि व्यापारी त्यात इतर झाडांची वाळवलेली पाने मिसळत, त्याविरुद्ध पार्लमेंटला कायदे करावे लागले. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट फॉर्च्यून याने परदेशी गिऱ्हाइकांसाठीचा हिरवा चहा चीनमध्ये निळ्या रंगाने आणि जिप्समच्या भुकटीने रंगवला जाताना प्रत्यक्ष पाहिला आणि १८५२ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याचे तपशील दिले. अशा वातावरणात आसामचा चहा भेसळमुक्त म्हणून विकला गेला, आणि शुद्धता हा त्याच्या व्यापाराचा आधार बनला.

हीच कल्पना घेऊन मळेवाले नंतर हिंदुस्थानी गिऱ्हाइकाकडे वळले. महाराष्ट्रात तोवर चहा वादाचा विषय होऊन गेला होता: १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा खटला, उभे राहिले, त्या वादात कपात काय होते याला महत्त्व नव्हते, कप कोणाच्या हातचा होता याला होते. १९०३ च्या चहा उपकर कायद्याने प्रचारासाठी पैसा उभा राहिला आणि स्टेशनांवर, गिरण्यांत, बाजारांत चहा पाजून तो करण्याची ‘योग्य’ रीत शिकवली जाऊ लागली: ताजे पाणी, गरम केलेली किटली, मोजून पत्ती, काही मिनिटे मुरवणे, दूध मागून. म्हणजे शार्ङ्गधराच्या भाषेत फांट. लोकांनी पत्ती घेतली, रीत घेतली नाही. पाणी, दूध, साखर, आले आणि पत्ती एकाच पातेल्यात उकळली जाऊ लागली, आणि प्रचारकांना हे आवडले नाही, कारण मसाल्याच्या जोरावर थोड्या पत्तीत भागत होते. गिऱ्हाइकाने दाखवलेला हा विवेक होता. महाग जिन्नस कमी घालून परसातल्या आणि किराण्यातल्या स्वस्त जिनसांनी तो दमदार करणे ही गरीब घराची पाककला आहे, आणि तिला बिघाड म्हणणे अन्यायाचे आहे. १९३० च्या दशकात आसामात निघालेल्या सीटीसी यंत्राने, म्हणजे पाने चुरडून, फाडून त्यांचे बारीक दाणे वळणाऱ्या यंत्राने, शेवटी मळेवाल्यांनाच काढ्याच्या बाजूला आणले. स्वातंत्र्यानंतर सर्वत्र पसरलेली ही दाणेदार पूड लवकर रंग सोडते, दुधाला पुरून उरते आणि आल्या-वेलचीपुढे दबत नाही.

या काढ्याचेही नियम आहेत. पुण्याच्या अमृततुल्यांत, म्हणजे प्रामुख्याने राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी चालवलेल्या चहाच्या दुकानांत, पितळी पातेल्याशेजारी खलबत्ता असतो आणि आले-वेलची त्यात ऐनवेळी ठेचली जाते. आले आधी पाण्यात उकळू द्यावे लागते, कारण कच्च्या आल्यातील एक पाचक द्रव्य दूध फाडते आणि उकळीने ते निकामी होते. दक्षिण चीनमध्ये याच गुणावर आल्याच्या रसाने दूध घट्ट करून गोड पदार्थ करतात. गुळाच्या चहात गूळ आणि दूध एकत्र खळखळून उकळत नाहीत, भांडे उतरवल्यावर त्यांची गाठ घालून देतात. ही समज पातेली फुकट घालवूनच आलेली असणार.

मराठी प्रदेशाचा खास प्रक्षेप म्हणजे गवती चहा. नावात चहा असला तरी चहाच्या झुडपाशी त्याचे नाते नाही; तो ज्वारी, ऊस यांच्या कुळातला गवताचा प्रकार असून त्याचा लिंबासारखा वास सिट्रल या तेलद्रव्याचा आहे, आणि गुजरातीत त्याला ‘लीली चा’, म्हणजे हिरवा चहा, म्हणतात. कोकणात आणि देशावरही मोरीच्या पाण्यावर अळू-कर्दळीशेजारी त्याचे बेट वाढते. पात धारदार असते, बेसावध हाताने ओढली तर बोट कापते. म्हणून ती बुडाशी विळ्याने कापतात, धुऊन तिची गाठ मारतात आणि ती जुडी पाण्यात सोडतात, म्हणजे गाळताना काड्या गाळणीत अडकत नाहीत. पावसाळ्यात घरात कोणाला कणकण आली की याच पाण्यात आले, तुळस आणि गूळ पडतो, दूध वगळले जाते, आणि कित्येक घरांत चहापूडही वगळली जाते. कपात उरतात ते केवळ प्रक्षेप, आणि तो कप अंथरुणापाशी नेऊन देताना त्याला चहाच म्हटले जाते.