शरीरजन्य कॅनॅबिनॉइडे आणि मेंदूतील दाह

भांगेतील द्रव्ये मेंदूवर कशी कार्य करतात, या प्रश्नाचा इतिहास बहुधा वनस्पतीपासून आरंभून ग्राहींपाशी थांबविला जातो. विल्यम ओ'शॉनेसी यांनी 1839 मध्ये कलकत्त्यास गांजाच्या औषधी गुणांवर निबंध वाचला. 1964 मध्ये गाओनी व मेशुलम यांनी इस्रायलमध्ये टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल वेगळे करून त्याची रचना निश्चित केली. हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर मात्र जवळजवळ पाव शतक एक समजूत टिकून राहिली. हे द्रव्य मेदात विरघळणारे, तेव्हा ते पेशीपटलात मुरून सरसकट बदल घडवीत असावे, असे अनेक तज्ज्ञ मानीत. 1988 मध्ये डेव्हेन, हाउलेट व त्यांचे सहकारी यांनी मेंदूत विशिष्ट ग्राही असल्याचे दाखविले आणि ही समजूत मागे पडली. ग्राही आहे त्या अर्थी शरीराचे स्वतःचेही काही द्रव्य असले पाहिजे, हे ओघानेच आले. 1992 मध्ये डुकराच्या मेंदूतून असे द्रव्य मिळाले. त्यास ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून आनंदामाइड असे नाव देण्यात आले. तथापि 1995 मध्ये सापडलेले दुसरे द्रव्य, टू-अ‍ॅरॅकिडोनॉइल ग्लिसरॉल, हेच मेंदूत कितीतरी अधिक प्रमाणात असते. नावाचे भाग्य मात्र पहिल्याला लाभले.

या द्रव्याचे कार्य कळले ते एका वेगळ्याच निरीक्षणातून. मज्जापेशी उद्दीपित झाली की तिच्याकडे येणारे निरोधक संदेश काही सेकंद मंदावतात, असे 1991-92 मध्ये आढळले होते. संदेश घेणारी पेशी देणारीस कशी आवरते? 2001 मध्ये तीन स्वतंत्र संशोधकगटांनी उत्तर दिले: शरीरजन्य कॅनॅबिनॉइड उलट दिशेने जाऊन संदेशद्रव्याचा स्राव रोखते. मेंदूतील हा लगामच होय.

दाहाचा इतिहास वेगळ्या वाटेने चालला होता. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती थांबवते, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये सिद्ध केले. या दाहकारी द्रव्यांचा कच्चा माल म्हणजे अ‍ॅरॅकिडॉनिक आम्ल. ते पेशीपटलातील फॉस्फोलिपिडांपासून फॉस्फोलिपेज या एंझाइमामुळे सुटते, असे पाठ्यपुस्तके सांगत. 2011 मध्ये नोमुरा, क्रॅव्हॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले, की मेंदूत ते मोठ्या प्रमाणावर टू-अ‍ॅरॅकिडोनॉइल ग्लिसरॉलच्या विघटनातूनच येते. आतडे व प्लीहा यांत मात्र जुनाच मार्ग चालतो.

या निष्कर्षाचे महत्त्व, प्रस्तुत लेखकाच्या मते, पुरेसे ओळखले गेलेले नाही. ज्या एंझाइमामुळे लगाम सुटतो, त्याच एंझाइमामुळे दाहास इंधन मिळते. मग त्यास औषधाने रोखल्यास दुहेरी लाभ का होऊ नये? परंतु 2010 मध्येच असे दिसून आले होते, की हे एंझाइम दीर्घकाळ बंद ठेवल्यास ग्राहींची संवेदनक्षमता क्षीण होते आणि वेदनाशामक परिणाम ओसरतो. अंशतः रोधन करून हा दोष कितपत टळेल, यावर पुढील प्रयत्नांचा भर राहिला आहे.