साठ दिवस, सहा महिने आणि अपघातग्रस्ताचा दावा

बंगळुरात मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. किरकोळ रकमांच्या तंट्यांसाठी इंग्रजी अमदानीत जे नाव रूढ झाले, त्याच नावाखाली आज कोणाचा पाय गेला, कोणाचा कर्ता मुलगा गेला, याचा हिशोब मांडला जातो. ही विसंगती असो. मला या दाव्यांच्या इतिहासात अधिक महत्त्वाचे वाटतात ते दोन साधे प्रश्न : दावा कोठे करायचा आणि किती दिवसांत करायचा? नोकरीधंद्यानिमित्त इकडे स्थायिक झालेल्या आणि सणासुदीला सातारा-कोल्हापूर-बेळगावच्या महामार्गाने गावी जाणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यांची उत्तरे ठाऊक असायला हवीत.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात एक चमत्कारिक तत्त्व होते. दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे जखमी झालेला माणूस भरपाई मागू शकत असे; मात्र तो दगावला, तर त्याच्या बायकामुलांना काहीच मागता येत नसे. म्हणजे जायबंदी करण्यापेक्षा ठार मारणे स्वस्त! रेल्वेचे युग आल्यावर हे असह्य झाले आणि १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने तेथे कायदा बदलला. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावल्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, तोच कायदा हिंदुस्थानात आला. हक्क मिळाला खरा, पण तो बजावण्यासाठी दिवाणी दावा लावायचा, न्यायालयीन शुल्क भरायचे आणि वर्षानुवर्षे खेटे घालायचे. गरिबाला हा हक्क असून नसल्यासारखाच होता.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. प्रक्रिया सुटसुटीत झाली, परंतु मुदत ठेवली फक्त साठ दिवसांची! माणूस इस्पितळातून घरी येईपर्यंतच साठ दिवस सरतात. पुढे १९७० पासून ती सहा महिने झाली. १९८८ च्या नव्या कायद्याने सहा महिने कायम ठेवले आणि विलंब माफ करण्याची कमाल मर्यादा बारा महिन्यांवर आणून ठेवली. शिवाय दावा करायचा तो अपघात जेथे झाला तेथेच.

१९९४ ची दुरुस्ती मला या सबंध इतिहासातील सर्वांत समंजस दुरुस्ती वाटते. तिने मुदतीची अट काढून टाकली आणि अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तेथील न्यायाधिकरणाकडेही अर्ज करण्याची मुभा दिली. घर सोडून पोटासाठी दूर गेलेल्या माणसाचे अस्तित्व कायद्याने प्रथमच ओळखले. पंचवीस वर्षांनी, २०१९ च्या दुरुस्तीने, त्यातील अर्धे परत घेतले. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची अट पुन्हा लागू झाली आणि या वेळी विलंब माफीचा उल्लेखदेखील ठेवला नाही. खोटे दावे, मागाहून गोवलेली वाहने, विमा कंपन्यांची अनिश्चितता ही कारणे पोकळ नव्हेत; प्रशासनात राहून मी ती नाकारणार नाही. परंतु खोटा दावा करणारा तारखा चोख सांभाळतो. उशीर होतो तो खऱ्या जखमी माणसाला.

माझ्या परिचयातील एक गृहस्थ मूळचे सांगलीकडचे. पीण्याच्या एका कारखान्यात लेथवर काम करीत. २०२३ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कऱ्हाडजवळ मालमोटारीच्या धडकेत त्यांच्या उजव्या हाताची बोटे गेली. दावा साताऱ्यालाच लावावा लागेल, तारखांना दर वेळी इतक्या लांब कोण जाणार, या समजुतीत घरच्यांनी आठ महिने घालविले. बंगळुरातच अर्ज करता येतो हे कळले, तेव्हा मुदत टळून गेली होती. अर्ज केला, आणि विमा कंपनीने पहिला आक्षेप घेतला तो मुदतीचाच.

वस्तुतः त्यांच्या दाव्याचा गाभा अगदी वेगळा आहे. भरपाईचे गणित अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित वाटेल. भविष्यातील उत्पन्नाचा प्रवाह आजच्या एका रकमेत आणण्यासाठी वार्षिक उत्पन्नाला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घालून दिलेल्या तक्त्याप्रमाणे एकेचाळीस ते पंचेचाळीस वयासाठी तो गुणक चौदा आहे. आणि २०१० मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या एक गोष्टी नव्हेत. डावा हात गेलेला सरकारी कारकून कदाचित नोकरीत टिकेल. सुताराची वा वाहनचालकाची मात्र जवळजवळ सारी कमाईच जाईल. लेथवरच्या कामगाराला हेच लागू. त्यासाठी दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष हवी, आणि पगार रोखीने मिळत असेल तर उत्पन्नाचा काहीतरी लेखी पुरावा हवा.

पोलिसांनी अठ्ठेचाळीस तासांत पहिला आणि नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवावा, आणि तो अहवालच अर्ज मानावा, अशीही तरतूद २०२२ पासून अमलात आहे. तरतूद उत्तम. तथापि एका राज्याच्या ठाण्यातून निघालेला कागद दुसऱ्या राज्याच्या न्यायालयात आपोआप पोहोचेल, असा भरवसा मी तरी कोणाला देणार नाही. प्रथम खबर, पंचनामा, इस्पितळाचे डिस्चार्ज कार्ड आणि प्रत्येक पावती आपल्याजवळ असावी. मराठी पंचनाम्याचे भाषांतरही लवकर करून घ्यावे. रस्त्यावर ‘आपसांत मिटवू’ म्हणून कोऱ्या कागदावर सही तर मुळीच करू नये.

मुदतीच्या या अटीलाच आव्हान देणाऱ्या याचिकांमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला : केवळ मुदतबाह्य म्हणून दावे फेटाळू नयेत. अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी सहा महिने स्वस्थ बसू नये, हे वेगळे. त्या गृहस्थांचा दावा मात्र त्यामुळे जिवंत राहिला. पुढची तारीख डॉक्टरांच्या साक्षीची आहे. कारखान्याच्या जुन्या हजेरीपुस्तकाची प्रत त्यांनी मिळविली आहे, आणि हल्ली ते डाव्या हाताने सही करावयास शिकत आहेत.