सिंक, सिंक, सिंक

शाखेतलं मशीन बंद करायला मला दहा-बारा मिनिटं लागायची आणि आमच्या मॅनेजरसाहेबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. किल्ल्यांचा जुडगा वाजवत ते दारात उभे असायचे. "अहो, बटण दाबा आणि चला. घरचा टीव्ही बंद करायला एवढा सोहळा करता का?"

गोष्ट 1995 सालची, साताऱ्यातली. कोपऱ्यात काचेची केबिन, आत 486चं मशीन, त्यावर एससीओ युनिक्स आणि लांबलचक केबलींनी जोडलेले आठ टर्मिनल. बँकांतल्या यंत्रांबाबत संघटनांशी करार झाला 1983मध्ये, रंगराजन समितीचा अहवाल आला 1984मध्ये. आमच्या काउंटरपर्यंत मशीन पोचायला आणखी दहा वर्षं गेली. मी मूळचा लेजरचा माणूस. पंधरा दिवसांचं ट्रेनिंग करून आलो आणि सगळ्यांसाठी 'सिस्टिमवाले' झालो.

लेजरचा माणूस असल्यामुळेच युनिक्सची एक खोड मला लवकर कळली. हे यंत्र 'लिहिलं' म्हणतं तेव्हा त्यानं लिहिलेलं नसतं. डिस्क संथ, मेमरी चपळ. म्हणून नोंद आधी मेमरीत टिपून ठेवायची आणि सवडीनं डिस्कवर चढवायची. म्हणजे कीर्द झाली, खतावणी बाकी. मध्येच वीज गेली तर कीर्दीचं पानच हवेत विरतं.

ही खोड जन्मापासूनची. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्सला हात घातला. त्या जुन्या युनिक्समध्ये 'अपडेट' नावाचा एक छोटा प्रोग्राम दर तीस सेकंदांनी सगळी बाकी खतावणी डिस्ककडे रेटायचा. तेच काम हातानं करायची आज्ञा म्हणजे 'सिंक'. गंमत अशी, की सिंक 'झालं' म्हणून परत यायची तेव्हा काम नुसतं रांगेत लागलेलं असायचं. म्हणून ऑपरेटर लोकांनी रिवाज पाडला: सिंक तीनदा टाइप करायचं, दर वेळी एंटर मारून, आणि मगच यंत्र थांबवायचं. दुसऱ्या-तिसऱ्या सिंकमध्ये जादू काही नव्हती. बोटं चालायला जो वेळ लागायचा तेवढ्यात डिस्क आपलं काम उरकायची. तिन्ही सिंक एकाच ओळीत अर्धविराम देऊन लिहिणाऱ्याला रिवाज पाठ होता, कारण ठाऊक नव्हतं. मंत्रांचं असंच होतं.

पुढे हा रिवाज प्रोग्राममध्ये बांधला गेला. बर्कलीच्या 4.0 बीएसडीमध्ये 1980 साली 'शटडाऊन' आला. तो वेळ जवळ येईल तसा लोकांना वरचेवर बजावायचा; पुढच्या आवृत्त्यांत तर शेवटची पाच मिनिटं उरली की नव्या माणसाला आतच घ्यायचा नाही, लग्नाच्या हॉलमध्ये शेवटच्या पंगतीला दार लोटतात तसं. एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्हमध्ये (1983) मात्र शटडाऊन म्हणजे साधी शेल स्क्रिप्ट होती. आमच्या एससीओतही तसंच. उघडून वाचता यायची. मी वाचली, आणि खरं शिक्षण तिथंच झालं.

वाचायची वेळ आली ती माझ्याच चुकीनं. एका पावसाळी संध्याकाळी वीज गेली, यूपीएस केकाटायला लागला आणि घाबरून मी सरळ बटण दाबलं. दोघे कारकून तेव्हा क्लिअरिंगच्या नोंदी करत होते. सकाळी मशीन सुरू होताना एफएससीके डिस्क तपासत बसलं आणि त्यानं धनी नसलेले तुकडे 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या डिरेक्टरीत टाकले. नावं गेलेली, नुसते आकडे. जत्रेत हरवलेली पोरं चौकीत बसवतात तसे. तेरीज जुळेना. रात्री नऊपर्यंत व्हाउचरं पुन्हा चढवली.

त्यानंतर मी शाखेपुरती स्क्रिप्ट लिहिली. आधी 'हू'नं कोण कोण बसलंय ते बघायचं. मग 'वॉल'नं सगळ्या पडद्यांवर सूचना, रोमन अक्षरांत मराठीत: 'काम आवरा, पाच मिनिटांत मशीन बंद.' ही ओळ नेमकी खात्याच्या फॉर्मवर आडवी उमटायची आणि काउंटरवरून ओरड व्हायची, "सिस्टिमवाले, माझी रक्कम पुसली!" पुसलेली नसायची, फक्त झाकलेली. मग उरलेल्या प्रोग्रामांना सिग्नल पंधरा. त्यानंतर थोडं थांबून नऊ. पंधरा म्हणजे 'आवरा आता'; ऐकणारा आपल्या फायली मिटून निघतो. नऊ म्हणजे गचांडी. थेट नऊ मारणारे शूरवीर मी पुष्कळ पाहिले. त्यांच्या फायलीही पाहिल्या.

मग सिंक, मग डिस्कचे भाग उतरवणं. हे करताना स्वतः मूळ डिरेक्टरीत उभं राहावं लागतं. त्याच भागात पाय ठेवून बसलात तर यंत्र 'बिझी' म्हणून नकार देतं. एकदा तर एटी अँड टीच्या पुस्तकात पाहून मी साठ सेकंदांची मुदत म्हणून साठ लिहिलं. एससीओ तो आकडा मिनिटांत मोजतं. साहेब तासभर जुडगा वाजवत उभे.

सगळं नीट झालं की पडद्यावर ओळ यायची: 'सेफ टू पॉवर ऑफ', आणि शेजारी, 'ऑर प्रेस एनी की टू रीबूट'. एकदा ही ओळ बघून, पॉवरचं बटण तसंच सोडून, मी घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर आठही टर्मिनलवर लॉगिन झळकतंय. मशीन रात्रभर चालू. आमचे शिपाईमामा मागाहून फडकं घेऊन केबिनमध्ये गेले होते आणि त्यांनी कीबोर्ड स्वच्छ पुसला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी बटण बंद केल्याशिवाय उठायचो नाही. शिवाय कीबोर्डवर चिठ्ठी ठेवायला लागलो: 'पुसू नये.' मामा रोज ती चिठ्ठी अलगद उचलायचे, खालचं पुसायचे आणि परत होती तशी ठेवायचे.