उजवा कौल, डावा कौल

एखाद्या गोष्टीविषयी देवाची इच्छा विचारून घेण्याच्या रीतीला कोकणात कौल लावणे म्हणतात. गोव्यात याच रीतीला प्रसाद लावणे किंवा प्रसाद घेणे हा शब्द अधिक चालतो. मुलीसाठी आलेले स्थळ, नवी विहीर, भावाभावांतली वाटणी, जत्रेचा दिवस असे काहीही देवापुढे मांडले जाते. देव मात्र दोनच शब्द बोलतो: उजवा म्हणजे होय, डावा म्हणजे नाही.

कौल हा शब्द मूळचा अरबी. बोल किंवा वचन असा त्याचा अर्थ. (घरावरच्या कौलाशी त्याचे नाते नाही.) दख्खनच्या सुलतानांच्या दफ्तरांतून तो मराठीत आला आणि मराठेशाहीच्या महसुली कारभारात पक्का बसला. ओसाड पडलेला गाव पुन्हा वसवायचा असेल, तर सरकार रयतेला कौल देई. पहिली काही वर्षे सारा हलका, पुढे दरसाल थोडा चढता, असा तो करार असे. लढाईच्या धामधुमीत पळालेल्या लोकांना परत बोलावण्यासाठी अभयकौल दिला जाई. म्हणजे कौल हा मागणाऱ्याचा हक्क नव्हता, धन्याने दिलेला शब्द होता. देवळात हा दफ्तरी शब्द का रुजला, ते यावरून उमगते. कोकणातला ग्रामदेव हा गावचा राजाच. त्याच्या नावावर जमिनी, त्याच्या भोवती मानकरी, त्याला हाक मारायची तीही ‘म्हाराजा’ अशी. देवाला विचारण्याची रीत या शब्दाहून जुनी असावी, पण आज ती ज्या रूपात दिसते त्यावर दरबाराची छाप स्पष्ट आहे.

कौल लावण्याचे काम बहुतेक गावांत गुरवाकडे असते. स्नान करून सोवळ्याने तो मूर्तीवर किंवा पाषाणावर उजव्या-डाव्या अंगाला ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या, कळ्या किंवा पाने चिकटवतो. कुठे तांदळाचे दाणे मोजून सम-विषम पाहतात. मग गाऱ्हाणे सुरू होते. गाऱ्हाणे म्हणजे तक्रार नव्हे. देवाला त्याच्या स्थानांसकट हाक मारून, विचारणारा कोण, कुठला, त्याची अडचण काय, हे सगळे उघडपणे सांगायचे आणि शेवटी प्रश्न ठेवायचा. जमलेले लोक मधूनमधून ‘होय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. प्रश्न ठेवला की सगळ्यांची नजर पाकळ्यांवर. उजवीकडची आधी पडली तर उजवा कौल, डावीकडची पडली तर डावा. कधी बराच वेळ काहीच पडत नाही. तेव्हा गाऱ्हाणे पुन्हा घातले जाते, प्रश्न बदलून विचारला जातो, नाहीतर ती गोष्ट दुसऱ्या दिवसावर जाते.

ओल सुकली की पाकळी सुटते, हे देवळात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. दगडाचा खडबडीतपणा, पाकळीची जाडी, समईची ऊब, दारातून येणारा वारा यांवर कोणती आधी सुटेल ते अवलंबून राहते. पाकळी पडण्यात कोणी चमत्कार मानत नाही. श्रद्धा असते ती या पाकळीआधी ती पाकळी पडण्यात. पण या रीतीचे खरे वजन पाकळीत नसून प्रश्नात आहे. ‘मुलीचे लग्न कुठे करू?’ असे कौलाला विचारता येत नाही. ‘या स्थळाला होकार द्यावा का?’ असेच विचारावे लागते. त्यासाठी दहा नातेवाइकांचे दहा सल्ले, हुंड्यापायीची ओढाताण, भावकीतली जुनी कुरबुर हे सारे बाजूला सारून गोष्ट एका वाक्यात आणावी लागते. पुष्कळांचा अर्धा निर्णय देवळाच्या पायऱ्या चढतानाच झालेला असतो, तो असा. उरलेली गुंतागुंत सोडवणे हे गुरवाचे कसब. त्याला गावातली घरे आणि घरांतली भांडणे माहीत असतात, म्हणून तो प्रश्न नेमका करू शकतो. त्याच माहितीच्या जोरावर तो प्रश्न हवा तसा वळवूही शकतो. पाकळ्या सर्वांसमोर लावायच्या, मानकरी हजर असताना विचारायचे, ही शिस्त त्यावरच्या बंदोबस्तासाठीच असणार.

कौलाशेजारी कोकणात अवसराची रीतही नांदते. अवसर म्हणजे देवाचा संचार. दसऱ्याला सिंधुदुर्गात साड्या नेसवलेले उंच तरंग निघतात, ढोल वाजतात, अवसर आलेला मनुष्य देवाच्या वतीने बोलतो. तिथे देव अख्खी वाक्ये बोलतो, त्यामुळे त्यांचा अर्थ लावण्यावरून वादही होतात. पाकळीबाबत ती सोय नाही.

एकट्या माणसाचा कौल वेगळा आणि गावाचा वेगळा. मालवण तालुक्यातल्या आचरे गावची गावपळण हे गावकौलाचे सर्वांत ठसठशीत उदाहरण. काही वर्षांच्या अंतराने ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की सारा गाव घरेदारे बंद करून गुराढोरांसह, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर जातो. माळावर झोपड्या उभ्या राहतात, चुली पेटतात, रात्री भजने आणि गप्पा रंगतात. तीन दिवस आणि तीन रात्री गावात माणसाचा आवाज नसतो, बाजार बंद, देऊळही सुने. ते दिवस सरले की परतण्यासाठी पुन्हा कौल घेतला जातो. तो उजवा मिळाला तरच लोक घरी येतात, नाहीतर मुक्काम लांबतो. जवळच्या चिंदर गावातही ही रीत आहे. गावपळणीची कारणे नाना सांगितली जातात. कोणी भुताखेतांच्या गोष्टी सांगतात, कोणी साथीच्या रोगांचे निमित्त देतात. कारण कोणतेही असो, सारा गाव एका पाकळीच्या शब्दावर दैनंदिन धबडगा मिटवून ठेवतो, हे डोळ्यांनी दिसते.

देवराईतले, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातले, झाड देवाला विचारल्याशिवाय तोडायचे नाही, हा नियमही याच व्यवस्थेतला. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि या राखलेल्या रानांचे महत्त्व शास्त्रज्ञांपुढे आणले.

घाटावर देवाला विचारण्याच्या या गरजेने वेगळी रूपे घेतली. तुळजापूरला भवानीच्या देवळात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून त्यावर हात ठेवायचे. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबा भंडाऱ्याच्या उधळणीत आणि ढोलांच्या गजरात पाऊसपाण्याची भाकणूक सांगतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पिकांचे भाकीत होते. या शेवटच्या दोन्हींत देव पुढचे सांगतो. कौलात तो काय करावे ते सांगतो, आणि हा फरक लहान नाही.

मराठेशाहीच्या न्यायदानात देवाच्या निवाड्याचे कठोर रूप होते ते दिव्याचे. साक्षी-पुराव्यांनी वतनाचा तंटा सुटला नाही, की उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य केले जाई. नंतर हात पिशवीत बांधून वर मोहर करत आणि ठरल्या दिवशी उघडून पाहत. इंग्रजी अदालतींनंतर दिव्ये बंद पडली. कौल टिकला, कारण त्यात कुणाचा हात भाजत नव्हता.

संतांनी वेगळी वाट धरली. एकनाथांनी भारुडांतून नवसा-सायासांची थट्टा केली. वारकऱ्याला विठोबाला प्रश्न विचारायचा नसतो, नाम घ्यायचे असते. तुकोबांना गुरूचा उपदेश मिळाला तोही स्वप्नात, न विचारता. विसाव्या शतकात टीकेची भाषा बदलली, ती अंधश्रद्धा निर्मूलनाची झाली. त्या चळवळीचे नेते नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. अंगात दैवी शक्ती आल्याचे भासवून लोकांना भीती घालणे, धमकावणे हा त्याने गुन्हा ठरवला. कुणाला इजा किंवा नुकसान न करणारी पूजाअर्चा मात्र त्याने वगळली. देवळातला साधा कौल त्यामुळे चालू राहिला.

आज जमिनीचे निकाल न्यायालयात लागतात आणि कौल दैनिकांच्या मथळ्यांत निवडणुकीनंतर ‘जनतेचा’ म्हणून झळकतो. तरी मसुरे गावच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जत्रा अजून पंचांगातल्या तिथीला भरत नाही. आंगणे मंडळी देवीचा कौल घेतात आणि तारीख जाहीर करतात. मग मुंबईचे चाकरमानी रजेचे अर्ज टाकतात, आणि रेल्वे जादा गाड्यांचे वेळापत्रक काढते.