लाकडी नौका आणि तिचे सोबती

दगडात कोरलेला इतिहास आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या वाट्यास जितका आला आहे, तितका महाराष्ट्रातील दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यास क्वचितच लाभला असेल. वेरूळची लेणी, अजिंठ्याची लेणी, देवगिरीचा किल्ला, बीबीचा मकबरा, पाणचक्की यांपैकी काहीतरी पाहण्यासाठी देशोदेशींचे प्रवासी येतात आणि आम्हांसारख्या इतिहासाच्या अध्यापकांस शिलालेखांविषयी व शिल्पांविषयी नाना प्रश्न विचारतात. मात्र या प्रांतातील नावांविषयी कोणी काही विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही. दख्खनच्या पठारावर, समुद्रापासून इतक्या दूर, नावेचा इतिहास तो काय असणार, असेच पुष्कळांस वाटते. कित्येक वाचकांस हा विषय ऐकून हसूही येईल. तथापि नाव, तिच्यावर एकत्र बसलेली माणसे आणि त्यांनी मागाहून एकमेकांस सांगितलेल्या आठवणी हा इतिहासाचाच एक भाग आहे, व तो लाकडाचा असल्यामुळे सर्वांत आधी नाहीसा होणारा भाग आहे, असे आमचे मत आहे. ते का झाले हे येथे थोडक्यात मांडावयाचे आहे.

प्रारंभ घरापासूनच करू. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एका गलबताचे चित्र आहे. ते पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, म्हणजे वाकाटकांच्या अमदानीतील, असे मानतात. गलबतास तीन डोलकाठ्या असून त्यांवर उभी, लांबट शिडे आहेत. नाळेवर डोळा रंगविलेला आहे. मागील बाजूस मोठाले घडे ओळीने मांडून ठेवले आहेत. चित्राची कथा पूर्णाची. हा पूर्ण म्हणजे शूर्पारकाचा, आजच्या नाला सोपाऱ्याचा, व्यापारी. चंदन आणावयास गेलेला त्याचा भाऊ वादळात सापडतो आणि भिक्षू झालेला पूर्ण त्यास संकटातून सोडवितो. याच लेण्यांतील चित्रांत एक राजनौकाही आहे. तिच्या दोन्ही टोकांस डोळे काढलेले आहेत, मध्यभागी खांबांचा मंडप आहे, पुढे छत्र आहे आणि सुकाणू धरणारा मागे उंचावर बसला आहे. व्यापाराचे गलबत आणि विहाराची नौका अशी दोन्ही चित्रे आमच्या डोंगरांत असावीत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ साली हिंदुस्थानातील नौकानयनावर ग्रंथ लिहिला, तेव्हा पुराव्यादाखल त्यांस याच चित्रांचा आधार घ्यावा लागला. कारण त्या काळच्या प्रत्यक्ष गलबताची एक फळीही आज कोणास दाखविता येत नाही.

आता प्रश्न असा की, वाघूर नदीच्या घळीत बसून चित्र काढणाऱ्यास गलबताच्या मागील भागी पाण्याचे घडे ठेवतात हे कसे कळले? कदाचित त्याने सोपाऱ्याचे किंवा भडोचचे बंदर स्वतः पाहिले असेल. न पाहिले असल्यास पाहून आलेल्या व्यापाऱ्यांनी, तांड्यांबरोबर चालणाऱ्या गाडीवानांनी, मुक्कामाच्या ठिकाणी ते वर्णन केले असेल. यांतले काहीही खरे असले तरी समुद्राची आठवण माणसांच्या तोंडूनच घाट चढून वर आली. गलबत कुजले, सांगणारे गेले, आणि सांगितलेले तेवढे भिंतीवर राहिले.

पैठणची गोष्टही अशीच आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या प्रवासवर्णनात, भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असून तेथून पुष्कळसा अकीक दगड गाड्यांवर लादून बंदरास आणीत, असे म्हटले आहे. सातवाहनांची राजधानी नदीकाठी, समुद्रापासून दूर. पण त्यांच्या वंशातील यज्ञश्री सातकर्णीच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. ही नाणी पूर्व किनाऱ्यावर सापडतात. गोदावरीचे पाणी ज्या समुद्रास मिळते, त्या समुद्रावरील जहाज गोदावरीकाठच्या घराण्याने नाण्यावर काढावे, हा संबंध आम्हांस मोठा मनोरम वाटतो.

राजांच्या जहाजांपेक्षा आमच्या लोकांचा खरा संबंध आला तो उतारावरील नावेशी. पूल होण्यापूर्वी गोदावरीच्या प्रत्येक मोठ्या गावी नाव असे. कायगाव आणि टोके ही प्रवरासंगमावरील दोन गावे समोरासमोर आहेत. त्यांमधील पाणी म्हणजे केवळ नदी नव्हती. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे अहमदनगर जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत नदी ओलांडणे म्हणजे राज्य ओलांडणे होते. लेकी याच वाटेने माहेरी येत, वऱ्हाडे जात, संगमावर स्नानासाठी यात्रेकरू उतरत. एका नावेत बैल, गाठोडी, ब्राह्मण, बागवान, कुणबी आणि सरकारी शिपाई असे सारे दाटीने बसत. घटकाभर तरी एकमेकांस टेकूनच बसावे लागे. नावाड्यास बहुधा सुगीत धान्य मिळे. सरकारी दप्तरात नावेच्या मक्त्याची रक्कम सापडेल. नावेत काय बोलणे झाले, ते मात्र सापडावयाचे नाही.

आता यंत्राच्या नावेकडे वळू. मोटारबोट ही मोटारगाडीची बरोबरीची बहीण आहे. जर्मनीतील गॉटलीब डाइमलर व त्याचा सहकारी मायबाख यांनी १८८६ साली आपले पेट्रोलवर चालणारे लहानसे यंत्र एका होडीत बसवून ती नेकार नदीवर चालवून पाहिली. लोकांस पेट्रोलच्या स्फोटाची धास्ती वाटे. म्हणून होडीस तारा व चिनी मातीचे गोळे लावून ती विजेवर चालते असा देखावा केला होता, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. पुढे डिझेलचे यंत्र आले, आणि ते स्वस्त व दणकट असल्याने जगभरच्या साध्या नावाड्यांच्या हाती गेले. आमच्या मराठवाड्यात ज्या जातीच्या यंत्राने विहिरीचे पाणी उपसले, त्याच जातीच्या यंत्राने कोकणच्या कोळ्याचा मचवा हाकला. पुण्याजवळ खडकीस १९४६ साली किर्लोस्करांचा तेल-इंजिनांचा कारखाना निघाला, तेव्हापासून तर असले यंत्र आपल्या घरचेच झाले.

कोकणपट्टीवर आगबोटींचा काळ प्रथम आला. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, गोवा या बाजूस जाणाऱ्या आगबोटी धक्क्यास लागत नसत अशी कित्येक बंदरे होती. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात उतरून किनारा गाठीत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडे. आगबोटी मोठ्या कंपन्यांच्या; पण खाड्यांतून, लहान अंतरावर, गावोगावी फिरे ती लाकडी लाँच. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून रेवस, अपोलो बंदराहून घारापुरी, गोव्यात मांडवी व जुवारी या नद्यांवर अशा लाँचांचे राज्य होते. गोव्यातील लोक तर तिला ‘गॅसोलीन’ म्हणत. जळणाचेच नाव नावेस दिलेले. भाऊचा धक्का ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते लक्ष्मण हरी अजिंक्य मराठीच होते, हेही येथे सांगितले पाहिजे.

या वाटेवरची सर्वांत दुःखद आठवण ‘रामदास’ आगबोटीची. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येस, सकाळी ती मुंबईहून रेवसकडे निघाली आणि वाटेत काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत कलंडून बुडाली. सुमारे सहाशे माणसे गेली. ती बोट १९३६ साली इंग्लंडात बांधलेली, पोलादी. बुडणाऱ्यांपैकी पुष्कळांस ज्यांनी पाण्यातून काढले, ते मासळी घेऊन मुंबईकडे निघालेले कोळी होते. त्यांचे मचवे लाकडाचे होते. स्वातंत्र्याच्या उत्सवास अवघा एक महिना उरला होता, आणि त्या उत्सवाच्या गजबजीत ही हकीकत देशाच्या इतिहासात फारशी उरली नाही. कोकणातील घरांत मात्र ती उरली. आजोबांनी नातवास सांगितली, नातवाने मित्रांस सांगितली, म्हणून ती आज आपणांस ठाऊक आहे.

लाकडी नावेचे एक वैशिष्ट्य असे की, तिला माणसांची सोबत लागते. पोलादी बोट रंगवून ठेवली तर काही काळ उभी राहील. लाकडी नाव पाण्याबाहेर फार दिवस राहिली तर फळ्या आटतात व सांधे उघडतात. खाऱ्या पाण्यात फार दिवस राहिली तर किडा लाकूड पोखरतो. म्हणून दरवर्षी तिला ओढून वर घ्यावी, खरवडावी, फटींत कापूस ठासावा, राळ व तेल चढवावे. हे काम एकट्याचे नव्हे. नाव ओढावयास गाव लागते, आणि नारळी पौर्णिमेस तिची पूजा करावयासही गाव लागते. विहारासाठी म्हणून जी मंडळी जुनी लाकडी मोटारबोट जपतात, त्यांचाही अनुभव हाच असतो. पाण्यावर एक दिवस घालविण्यासाठी किनाऱ्यावर चार दिवस खपावे लागते, आणि मैत्री जुळते ती बहुतेक त्या चार दिवसांतच. यंत्र बंद पडले की आणखी एक गोष्ट घडते. रेल्वेत इंजिन थांबले तर उतारू खिडकीतून डोकावतो; नावेत थांबले तर सर्वांस एकमेकांकडे पाहावे लागते.

आमच्या विद्यार्थिदशेत, सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी, आम्ही काही मित्र भाऊच्या धक्क्यावरून लाकडी लाँचने रेवसला गेलो होतो. पठारावरची मुले, समुद्र प्रथमच पाहत होतो. त्या प्रवासाच्या आठवणी आजही निघतात, आणि प्रत्येकाची निराळी असते. एकाच्या मते भरती होती, दुसऱ्याच्या मते ओहोटी. तांडेलाने कोणास सुकाणू धरू दिले, यावर तर आजतागायत एकवाक्यता नाही.

पण ज्या सहलीने आम्हांस या विषयाकडे वळविले, ती पैठणच्या नाथसागरावरची. जायकवाडी प्रकल्पाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरण मुळात बीड जिल्ह्यातील जायकवाडी येथे व्हावयाचे होते. जागा बदलून ते पैठणला आले, नाव मात्र जुनेच राहिले. भिंत जवळजवळ दहा किलोमीटर लांब, दरवाजे सत्तावीस, आणि पाण्याचा पसारा भरल्या जलाशयात सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर. त्या पाण्याने आमच्या शहराची तहान भागते, कारखाने चालतात, खालची शेते भिजतात. त्याच पाण्याखाली शंभराहून अधिक गावेही गेली.

आमच्या मित्रमंडळींपैकी एकाचे गाव त्यांतलेच. काही वर्षांपूर्वी, पाणी उतरले असता, एका मच्छीमाराच्या यंत्र बसविलेल्या लाकडी होडीतून आम्ही पाच-सहा जण निघालो. गप्पा चालल्या होत्या. हा मित्र तोवर निमूट बसला होता. मध्येच त्याने नावाड्यास इंजिन बंद करण्यास सांगितले आणि एका बाजूस बोट दाखवून म्हणाला, “इथं आमची चावडी. तिकडं मारुती. मी सात वर्षांचा होतो, वडिलांनी जात्याचे दगड गाडीत घातले आणि दाराची चौकट काढून घेतली. बाकी सगळं इथंच.” नावाडी वयस्क होता. तो म्हणाला, “मारुती तिकडं नाही, मालक, जरा वरच्या अंगाला. आमचंही गाव शेजारचंच.” मग दोघेही त्या न दिसणाऱ्या गावाच्या गल्ल्या एकमेकांस समजावून सांगू लागले. एकाचे चुकले की दुसरा दुरुस्त करी. आम्ही इतिहासाचे अध्यापक, केवळ ऐकत होतो.

येथे आमचे काही विद्वान मित्र आक्षेप घेतील की, आठवणी म्हणजे इतिहास नव्हे. माणसे विसरतात, वाढवून सांगतात, स्वतःस मध्यभागी ठेवतात. आक्षेप खरा आहे. तांडेलाच्या सुकाणूची आमची गोष्टच त्याचा पुरावा आहे. परंतु त्या होडीत आम्ही पाहिले ते असे की, एकट्याची आठवण बहकते, दोघांची एकमेकींस आवरते, आणि चौघांची बसली म्हणजे तिच्यात साक्षीपुराव्याचे गुण येऊ लागतात. कागदपत्रांचीही पारख आपण याच रीतीने करतो. एका बखरीस दुसरी लावून पाहतो. मग जिवंत माणसांस तो मान का न द्यावा? त्यांच्याबाबतीत इतकाच फरक आहे की, बखर पन्नास वर्षांनी वाचली तरी चालते. नावाडी तितका वेळ थांबत नाही.

आज लाकडी नावेचे दिवस सरत आले आहेत. तंतुकाचेच्या होड्या हलक्या, टिकाऊ व निगेस सोप्या. त्यांस दोष देण्याचे कारण नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली. मुंबईहून मांडव्यास २०२० पासून मोटारीसुद्धा वाहून नेणारी मोठी बोट जाऊ लागली. नदीवर पूल झाले, हे तर निःसंशय चांगले झाले. पुराच्या दिवशी आजारी माणूस पलीकडे नेणाऱ्या कुटुंबास विचारून पाहावे. आम्हांस जुन्या गैरसोयी परत नकोत. आम्हांस इतकेच सुचवावयाचे आहे की, ज्या माणसांनी या नावा बांधल्या, हाकल्या व ज्यांनी त्यांतून प्रवास केला, त्यांचे सांगणे लिहून ठेवण्याचे काम त्वरेने व्हावे. त्यास मोठी संस्था लागत नाही, अनुदानही लागत नाही. प्रत्येक घरात कोणीतरी वृद्ध असतो. त्याच्याजवळ त्याच्या वयाचा दुसरा एक सोबती आणून बसवावा, मध्ये चहा ठेवावा, आणि एखाद्या मुलाच्या हाती वही द्यावी. दोघांचे पटणार नाही तेथे दोन्ही म्हणणी लिहावीत. पुढे कोणी अभ्यासक येईल व त्यांतून निवड करील. अजिंठ्याच्या चित्रकारास बंदराची हकीकत ज्यांनी सांगितली, त्यांची नावे आपणांस कळलेली नाहीत. आपल्या पिढीच्या नावाड्यांची तरी वहीत राहोत.